कोकणातल्या निवासी शिबिराला मूल पाठवताना

परदेशातून सुट्टीला आलेल्या मुलाला काही दिवस कोकणातल्या निवासी शिबिरात ठेवावे, म्हणजे समुद्र, आमराई आणि मराठी बोलणारे समवयस्क सोबती हे सारे एकदमच त्याच्या वाट्याला येईल, असा बेत अनेक पालक आखतात. बेत चांगलाच आहे. मात्र त्याची तयारी बहुधा बॅग भरण्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते.

आधी तारखांचे पाहू. इथली बहुतेक शिबिरे शाळांच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मे महिन्यात उरकतात, कारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात पाऊस दाखल होतो. अमेरिकेतील बऱ्याच शाळा जूनमध्ये सुटतात, तर इंग्लंडमधील जुलैच्या उत्तरार्धात. तेव्हा उन्हाळी शिबिराचाच हट्ट न धरता नाताळच्या सुट्टीतले चार-पाच दिवसांचे शिबिर शोधावे. त्या दिवसांत घामोळ्यांचा त्रास होत नाही आणि समुद्रही निवळलेला असतो. हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि भारत यांच्या वेळेत साडेदहा तासांचे अंतर असते, हे लक्षात घेऊन विमानतळावरून थेट शिबिर गाठू नये. मधले चार दिवस तरी घरी काढावेत.

हे चार दिवस पाहुणचारात घालवू नयेत. बादली-तांब्याने आंघोळ करणे, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे, स्वतःचे कपडे पिळून दोरीवर वाळत घालणे, ताटात आले ते खाणे, यांतले काहीही अवघड नाही, पण पहिल्यांदा अनोळखी मुलांसमोर करावे लागले की अवघड होऊन बसते. मच्छरदाणीचेच पाहा. तिच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली खोचायच्या, आत शिरताना एकच बाजू जेमतेम उचलायची आणि शिरल्यावर विजेरीने कोपरे न्याहाळायचे, एवढे दोन रात्री आजीच्या देखरेखीखाली केले की मुलाच्या हाताला सवय होते. पोट दुखते आहे, पाणी हवे आहे, मला हे चालत नाही, अशी वाक्येही मराठीतून मोठ्याने म्हणायची सवय याच दिवसांत लावावी.

घरची आठवण येणारच, आणि ती बहुधा दिवेलागणीला किंवा अंथरुणावर पडल्यावर येते. तसे होईल हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. 'करमले नाही तर लगेच न्यायला येऊ' असे वचन मात्र चुकूनही देऊ नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्ये याविषयी दिलेल्या मार्गदर्शनातही असा सौदा करू नये असेच सांगितले आहे, कारण त्यातून 'तुला हे जमणार नाही' हाच आपला अंदाज मुलाला कळतो, आणि मग ते पहिल्याच संध्याकाळपासून सुटकेची वाट पाहू लागते. कोकणात या सौद्याला आणखी एक फाटा फुटतो, तो आजी-आजोबांचा. आजोळ दापोलीला आणि शिबिर गुहागरकडे असेल, तर दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून, लाडवांचा डबा घेऊन, तिसऱ्या दिवशी आजोबा फाटकात हजर होतात. त्यांची माया मान्य आहे, पण नुकतेच रुळू लागलेले पोर त्यांना पाहताच पुन्हा रडू लागते. म्हणून मुलाची समजूत घालण्याआधी आजोबांची घालावी, आणि तीही आपणच घालावी. शिबिराच्या ताईंवर ते काम ढकलू नये.

अन्नाची ॲलर्जी असेल तर येथे विशेष सावध राहावे लागते. शेंगदाण्याचे कूट कोशिंबिरीत, उसळीत, साबुदाण्याच्या खिचडीत कुठेही असू शकते, काजू वाटणात जातो आणि सुका जवळा भाजीतही पडतो. 'तिखट नको' एवढे सांगून हे भागत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी स्वतः बोलावे आणि पदार्थांची नावे मराठीत लिहून द्यावीत. आपत्कालीन एपिनेफ्रिनची तयार इंजेक्शने इकडच्या दुकानांत सहजी मिळत नाहीत, तेव्हा दोन सोबत आणावीत आणि त्यांतले एक तरी गटप्रमुखाच्या खांद्यावरच्या पिशवीत असावे. नेहमीच्या औषधांवर व्यापारी नावाऐवजी मूळ औषधाचे नाव लिहावे. अमेरिकेतले ॲसिटामिनोफेन म्हणजेच इथले पॅरासिटामॉल.

आयोजकांना विचारण्याचे प्रश्न थोडेच आहेत. समुद्रात मुले कोणाच्या नजरेखाली उतरतात, भरती-ओहोटीच्या वेळा कोण पाहते, आणि सर्पदंशावरील प्रतिविष (अँटिव्हेनम) असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे? जांभ्या दगडाच्या गडग्यांत, म्हणजे कुंपणाच्या भिंतींत, फुरसे हा विषारी साप दडतो आणि तो रात्री बाहेर पडतो. विंचवाविषयी पूर्वीइतकी धास्ती उरलेली नाही, त्याचे श्रेय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेल्या प्राझोसिन या औषधाच्या उपचाराला जाते. तरीही वेळेत रुग्णालय गाठावेच लागते. बूट झटकूनच पाय घालणे आणि अंधारात विजेरीशिवाय न फिरणे, या दोन गोष्टी मुलाकडून घरीच घटवून घ्याव्यात. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांकही त्याला पाठ असू द्यावा.

उत्तरे देताना आयोजक चिडले किंवा 'इथे कधी काही झाले नाही' म्हणून मोकळे झाले, तर पैसे भरलेले असले तरी ते शिबिर सोडून द्यावे.