युनियनमधला माणूस सरकारी कामगार अधिकारी झाला तर अडचण येते का?

तुम्ही लिहिलंय, फौंड्रीत पाच वर्षं युनियनचं काम केलंय आणि आता कामगार खात्याच्या परीक्षेला बसताय, तर जुना इतिहास आड येईल का. मला खात्यात कुणी त्यावरून अडवलं नाही. ताप झाला तो घरच्याच, म्हणजे युनियनच्या माणसांचा.

मी शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगला होतो, युनियनचा सहचिटणीसही. पुढं अधिकारी होऊन फिरत फिरत कोल्हापूरलाच आलो. एका कारखान्यात आमच्याच युनियनच्या आण्णांनी संपाची नोटीस दिली आणि नवव्या दिवशी भट्टी बंद केली. १९७१ च्या आपल्या राज्याच्या कायद्यात चौदा दिवस थांबायला लागतं, हे आण्णांनीच मला शिकवलेलं! मालक कामगार न्यायालयात गेला, संप बेकायदा ठरला. मी गेटवर जाऊन सांगितलं, "आण्णा, अठ्ठेचाळीस तासांत मागं घ्या, म्हणजे कायद्यानं तो बेकायदा धरत नाहीत. पोरांच्या नोकऱ्या वाचतील."

आण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "मालकानं चहा पाजला काय रं तुला?"

पोरं मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत गेली. पुन्हा नोटीस, या वेळी दिवस मोजून. तेराव्या दिवशी मालक माझ्यासमोर करारावर सही करून गेला. आण्णा सहीला आले नाहीत, माणूस पाठवला.

त्यांचा एक ठरलेला दाखला असायचा: व्ही. व्ही. गिरी रेल्वे कामगारांच्या चळवळीतून वर आले, केंद्रात कामगारमंत्री झाले आणि बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या निवाड्यात सरकारनं हात घातल्यावर १९५४ साली खुर्ची सोडून मोकळे झाले. "तू कधी सोडणार?" अहो, मंत्र्यानं राजीनामा दिला तर पेपरात येतं. मी दिला असता तर त्या खुर्चीत असा कुणी बसला असता, ज्यानं जन्मात पगाराच्या कोऱ्या व्हाउचरवर सही केलेली नाही. मी केलीय. म्हणून वेतन नोंदवहीत ऐंशी सह्या एकाच पेनानं, एकाच दमात झालेल्या दिसल्या की मला गडबड लगेच कळायची. पुस्तक वाचून आलेला साहेब बेरीज तपासतो आणि शेरा मारून उठतो.

तेव्हा बसा परीक्षेला. पण आपण समेट अधिकारी म्हणून बसतो, आणि समेट अधिकारी निकाल देत नाही, दोघांना समोरासमोर बसवतो. जमलं नाही तर तसा अहवाल पाठवतो. हे पचत नसेल तर युनियनमध्येच बरे आहात. रुजू होण्याआधी तिथली पदं सोडा, लेखी. आणि हो, केंद्राच्या नव्या कामगार संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाल्यात, मी त्याआधीच निवृत्त झालो. कलमं माझ्या भरवशावर पाठ करू नका.

आण्णा अजून कोल्हापुरातल्या गंगावेशीत दूध प्यायला येतात. माझ्या ग्लासाचे पैसे तेच देतात, आणि शेजारच्याला सांगतात, "हे सरकारचं माणूस."