शाळेतील मुलांना आदिवासी गाणी, नाच आणि कथा कशा शिकवाव्यात?

आपल्या शाळेत कोलाम, गोंड आणि इतर समाजांची मुले एकत्र शिकतात, 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनासाठी त्यांच्याकडून एखादा नाच बसवून घ्यायचा आहे आणि काही कथाही सांगायच्या आहेत, तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील गोंड कुटुंबात वाढलो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी जवळच्या कोलाम पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जाऊन नाईक आणि महाजन या मानकऱ्यांना भेटा, गोंडांच्या गुड्यात, म्हणजे पाड्यावर, पटलांना म्हणजे गावप्रमुखांना भेटा, आणि शाळेच्या अंगणात काय चालेल, काय चालणार नाही, हे त्यांनाच विचारा. लग्नातील थट्टेची गाणी मुलांनी म्हटली तर म्हातारी माणसे कौतुकाने हसतील, पण मरणाच्या वेळी म्हणायचे गाणे स्नेहसंमेलनात ऐकू आले तर तीच माणसे उठून जातील. दंडारी आणि गुसाडी हे गोंडांचे नाच दिवाळीच्या दिवसांतले. गुसाडीचा मोरपिसांचा टोप पूजेचा असतो आणि तो डोक्यावर घेणारा त्या दिवसांत नेम पाळतो, म्हणून पुठ्ठ्याचा टोप करून तो ऐन पावसाळ्यात तिसरीतल्या मुलाच्या डोक्यावर चढवणे मला मुळीच पटत नाही. तेलंगणातील मार्लवाईचे कनका राजू, ज्यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी गुसाडी दिल्लीपर्यंत नेला आणि तरुणांना शिकवला हे खरे. परंतु तो त्या समाजातील जाणत्या माणसाचा निर्णय होता, शाळेने परस्पर घेतलेला नव्हे.

वडीलधाऱ्यांची हरकत नसेल तर ढेमसा हा सामूहिक नाच घ्यावा. तो ओळीने, एकमेकांना धरून नाचायचा असल्यामुळे पुढची रांग आणि मागची रांग असा भेद राहत नाही, आणि वर्गातील सगळी मुले सामावली जातात. त्यात कोणी एक-दोन-तीन-चार मोजत नाही. ढोलाचा ठेका बदलला की पाऊल बदलते, आणि नव्या मुलाला ते शेजारच्याच्या खांद्याच्या हिसक्यावरून कळते. म्हणून स्पीकरवर गाणे लावून सराव घेऊ नका, ढोल वाजवणाऱ्यालाच बोलवा. आमचे फेर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, रंगमंचाच्या सोयीसाठी ते सुलटे करू नयेत. पानांचे घागरे, काळे फासलेले चेहरे आणि चित्रपटांतील हुर्रे-हुर्रे यांना तर शाळेत अजिबात थारा देऊ नका. मुलांची आजी जसे लुगडे नेसते आणि आजोबा जसे धोतर-पागोटे घालतात, तसाच पोशाख असू द्या.

कथांविषयी मला अधिक आस्था आहे. गोंडांच्या कथा पिढ्यानपिढ्या परधानांनी, म्हणजे त्यांच्या परंपरागत कथागायकांनी, किंगरी या तंतुवाद्याच्या साथीवर गायल्या, आणि एकेक परधान घराणे ठरावीक गोंड कुळांशी बांधलेले असते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे (कुळाच्या देवांच्या संख्येवरून पडलेले गट) कोण आणि कोणाची सोयरीक कोणाशी होत नाही, हे मुलांना याच कथांतून समजते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गाथा उतरवून घेतली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये छापली गेली, त्यामुळे ती वाचून दाखवणे शक्य आहे. तरीही किंगरीवाला परधान मिळत असेल तर पुस्तक बाजूला ठेवा, कारण तो कुठे थांबतो, कोणाचे कूळ विचारतो आणि त्या कुळाचे नाव कथेत कुठे घेतो, हे छापलेल्या पानावर येत नाही. गोंडी आणि कोलामी या वेगवेगळ्या भाषा आहेत, तेव्हा सगळ्याला सरसकट ‘आदिवासी गाणे’ असे नाव देऊ नका, कोणाचे गाणे आहे ते सांगा. कोलामी कथा आधी कोलामीतच होऊ द्या आणि नंतर कोलाम मुलांनी ती इतरांना मराठीत सांगावी. वर्गात एरवी तोंड न उघडणारे मूल अशा वेळी सर्वांना समजावून सांगते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असे आपल्याकडे म्हणतात. एखादी आजी त्यामुळे दुपारी कथा सांगायला कचरली तर आग्रह करू नका, संध्याकाळी मुलांना पालकांसह पोडाच्या चावडीवर न्या. येणाऱ्या प्रत्येकाला मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च द्या. त्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत आधीच करून घ्या, कारण शाल-श्रीफळाने बुडालेली मजुरी भरून निघत नाही. चित्रीकरण करायचे असेल तर आधी विचारा, आणि ते कोणाकोणाला पाठवणार तेही सांगा.

ऑगस्टमध्ये कपाशीचे निंदण आणि डवरणी चालू असते, त्यामुळे भेटायला संध्याकाळीच जा. ‘दिवाळीनंतर या’ असे ते म्हणाले तर मोठा कार्यक्रम दिवाळीनंतर घ्यावा. 9 ऑगस्टला मुलांनी आपापल्या घरून विचारून आणलेली दोन-तीन गाणी पुरेशी आहेत.