बोका भांडून आला तर

रक्त थांबलं म्हणून निर्धास्त राहू नका. मांजराचा सुळा सुईसारखा खोल जातो, वरचं भोक लगेच मिटतं आणि जंतू आत कोंडतात. दोन-चार दिवसांत तिथे गळू होतं. म्हणून मान, पुढचे पाय आणि शेपटीचं मूळ केसांच्या उलट्या दिशेने बोट फिरवून तपासा. केसांचा चिकटून कडक झालेला पुंजका लागला, की त्याखाली बहुतेक दात लागलेला असतो.

अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ घालून जखम धुवा. डेटॉल अजिबात नको, चाटल्यावर ते पोटात जातं आणि मांजराला विषारी असतं. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा. गळू घरी फोडू नका.

24 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवाच. धाप लागली असेल किंवा डोळ्याला इजा असेल तर तेवढंही थांबू नका. रेबीजची लस राहिली असेल तर आवर्जून सांगा. या गडबडीत तो तुम्हालाच चावला किंवा ओरखडला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा.

बरा झाला की नसबंदी करून घ्या, मारामाऱ्या खूप कमी होतात.