भिरंड फुलतं, पण धरत नाही

प्रश्न : फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात (पोफळीच्या मिश्र बागेत) बी पेरून लावलेलं भिरंडाचं म्हणजे कोकमाचं झाड नऊ वर्षांचं झालं. फुलतं, पण फळ धरत नाही. खत कमी पडतं का?

उत्तर : खताचा दोष नाही, झाड नर असणार. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुलल्याशिवाय ते कळत नाही. फूल उघडून पाहा : मधोमध नुसता पिवळसर पुंकेसरांचा गोळा दिसला तर नर, हिरवा, वाटोळा अंडाशय असेल तर मादी. झाड तोडू नका, परागासाठी ते हवंच. पाऊस सुरू होताच सहा मीटरवर ‘कोकण अमृता’ या कोकमाच्या फळ देणाऱ्या जातीची कलमं लावा. कलम सरळ वाढणाऱ्या फांदीचंच घ्या, आडव्या फांदीचं आडवंच पसरतं. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या, त्याखालचे फुटवे लगेच खुडा.