आधी मुभा, मग पद्धत

अ‍ॅप वापरणाऱ्यांनाच त्याच्या रचनेत सामील करून घ्यायच्या पद्धतींची तुझी यादी वाचली. मुलाखती, डायरी, कार्ड सॉर्टिंग (मेनूतल्या गोष्टींची कार्डं त्यांनाच गटांत लावायला देणं), स्क्रीनचे कागदी नमुने, कार्यशाळा, आणि खाली ‘यातलं काय घेऊ?’ अरे, विडी कामगार बायकांच्या मजुरी-नोंदीच्या अ‍ॅपमध्ये त्यांच्या म्हणण्याने नक्की काय बदलू शकतं, ते आधी एका ओळीत लिही. नुसती मेनूची मांडणी बदलायची असेल तर पंचवीस-तीस कार्डं पुरे. पण नापास विड्यांची नोंद कोणी करायची हेच ठरायचं असेल, तर कार्डं काय कामाची? तिथे अख्खा व्यवहार मांडून खेळवायचा: पान-तंबाखू कोण देतं, विड्या कोण मोजतं, वाद कुठे होतो. आणि सगळं वरूनच ठरलेलं असेल तर सरळ चाचणी घे, तिला सहभाग म्हणू नकोस. मुभा, म्हणजे त्यांच्या म्हणण्याने काय बदलू शकतं ते, न ठरवता घेतलेली कार्यशाळा फोटोपुरती असते. हेकट म्हण मला, पण यावर मी हटणार नाही.

डायरी खोडून टाक. मांडीवर सूप, बोटांना तंबाखू, ती पेन कधी धरणार? मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणजे तुझ्या दीड तासात तिच्या विड्या बुडतात. तेवढे पैसे मोजून दे; चहा-बिस्किटांवर भागवू नकोस. मुलाखत तिच्याच घरी, वळता वळता.

गट पाच-सहा जणींचा. विड्या तपासणारा माणूस त्यात नको, त्याच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी सोबत घे, पण ती कारखान्याची नको. कार्डांवर चित्रं काढ.

चकचकीत स्क्रीन दाखवलीस की ‘चांगलंय की’ म्हणतील आणि विषय संपेल. जाड मार्करने काढलेले तीन कच्चे पर्याय ठेव, मग भांडतील. (पंखा बंद करता येणार नाही, कागदांवर वजन ठेव.) स्कँडिनेव्हियातल्या यूटोपिया प्रकल्पात, १९८१ ते १९८५, वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला लेझर प्रिंटर मानून पुढचं काम कसं चालेल ते करून पाहिलं होतं. कारण तिथे कामाची रचनाच ठरायची होती. पुन्हा तेच: मुभा होती, म्हणून पुठ्ठा चालला.

पंधरा दिवसांत परत जा. कोणती सूचना घेतली, कोणती नाही, हे त्यांच्यासमोर वाच. नाकारलेल्या सूचनेपुढे कोणी नाकारली तेही सांग. ‘तांत्रिक अडचण’ म्हणून मोकळा होऊ नकोस.