आधी टेबल तपासा, मग लघवी

प्रश्न : मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत अमली पदार्थांच्या विभागात आहे. एमडी (मेफेड्रोन), हेरॉईन, चरस यांची पाकिटं रोज फोडावी लागतात. संध्याकाळी डोकं जड होतं. औषध अंगात जात असेल का? लघवी तपासून घेऊ का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : डोकं जड होण्यामागे प्रयोगशाळेतल्या मिथेनॉल, क्लोरोफॉर्म या द्रावकांची वाफही असू शकते; म्हणून फ्यूम हूडची, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटाची, ओढ आधी मोजून घ्या. लघवीची घाई नको. लघवी तपासण्याच्या बाजारातल्या पट्ट्यांचा उंबरठा नशा करणाऱ्याला पकडण्यासाठी ठरवलेला असतो. हातातून, श्वासातून गेलेलं थोडंसं त्याखाली राहतं, आणि मेफेड्रोन तर अनेक पट्ट्यांना कळतच नाही. ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

खरं उत्तर पृष्ठभाग देतात. 10 × 10 सेंमीची चौकट ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला सुती गॉज आत आडवा फिरवा, घडी घालून उभा फिरवा, पुन्हा घडी घालून कडांवरून फिरवा. गॉज झाकणाच्या कुपीत टाका. दर नमुन्याला हातमोजे बदला; नाहीतर पहिल्या जागेची पूड दुसरीवर जाते आणि अहवाल फुकट. तुलनेसाठी काहीही न पुसलेला एक ओला गॉजही सोबत पाठवा. तपासणी मात्र दुसऱ्या प्रयोगशाळेत, एलसी-एमएस या अतिसूक्ष्म प्रमाणही ओळखणाऱ्या यंत्रावर. तुमच्याच बाकावर केली तर गॉज तिथेच माखेल.

वजनकाट्यावर पूड सापडणारच. बोलक्या जागा वेगळ्या : कीबोर्ड, दाराची मूठ, नोंदवही, मोबाईल, चहाचं टेबल. तिथे सापडली तर ती हातांवरून बाहेर गेली. हवेसाठी कॉलरला फिल्टर आणि कमरेला मिनिटाला 2 लिटर ओढणारा पंप, पूर्ण पाळीभर.

आकडा आल्यावर एक अडचण येते. कामाच्या जागी या पदार्थांसाठी सर्वमान्य मर्यादाच नाही. न्यूझीलंडच्या 2017च्या मानकात मेथॲम्फेटामाइन या अमली पदार्थासाठी 100 चौ. सेंमीला 1.5 मायक्रोग्रॅम आहे, पण ते घरांसाठी आणि त्या एकाच पदार्थापुरतं. त्यामुळे साफसफाईआधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहा. विभागाबाहेर काहीही सापडू नये हे ध्येय धरा.

पाकीट कापताना नीट पाहा. कोरडी पूड प्लास्टिकच्या तोंडाला चिकटते आणि कात्री लागताच उडते. पाकीट हूडमध्येच, बटर पेपरवर, तोंड लांब धरून सावकाश कापा. छताचा पंखा बंद, कोरडा झाडू बंद, ओलं पुसणं सुरू. नायट्रिल हातमोजे काढल्यावर साबण-पाण्याने हात धुवा. सॅनिटायझर नको : तो पूड काढत नाही, फक्त पसरवतो.

एवढं करूनही हातांवर किंवा हवेत सापडलंच, तर लघवी पाळीआधी आणि पाळीनंतर, अशी दोनदा द्या. तीही लेखी संमतीने, आणि अहवाल शिस्तभंगाच्या कारवाईत वापरला जाणार नाही हे आधी कागदावर घेऊनच.