नीट पुन्हा दिली तर प्रवेशात मागे पडतो का? गोव्यातल्या साखळी गावच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी यंदा, म्हणजे २०२५ ला, पहिल्यांदा नीटला, म्हणजे मेडिकल प्रवेशाच्या परीक्षेला बसली. मार्क चारशेच्या आत राहिले. सर्वसाधारण गटातून बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला नंबर लागत नाही, डेंटलला लागेल असं दिसतंय. तिला पुन्हा परीक्षा द्यायची आहे. तुमच्या अमेरिकेतल्या नणंदबाई म्हणतात की परीक्षा पुन्हा दिली की कॉलेजवाले ते बघतात आणि मूल मागे पडतं, म्हणून घरात दोन तट पडलेत. मी उच्च माध्यमिकला फिजिक्स शिकवायचो. निवृत्तीनंतरही मुलांबरोबर पर्वरीला तंत्रशिक्षण संचालनालयात प्रवेशाच्या राउंडना जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नणंदबाई चुकीचं सांगत नाहीत, त्या तिथलं सांगतात. अमेरिकेत मेडिकल प्रवेशाची एमकॅट ही परीक्षा एका वर्षात ३ वेळा, सलग दोन वर्षांत ४ वेळा आणि जन्मात ७ वेळाच देता येते. आधीचे सगळे गुण कॉलेजसमोर जातात, त्याबरोबर निबंध आणि मुलाखतही असते. तिथे कोणीतरी माणूस बसून उमेदवाराबद्दल मत बनवतो. आपल्याकडे मेडिकलच्या प्रवेशात असं मत बनवणारा कोणीच नाही. त्या वर्षीची नीटची रँक, तुमचा गट आणि भरलेले पसंतीक्रम, एवढ्यावर जागा ठरते. जुन्या गुणांची सरासरी काढत नाहीत, जुने गुण कोणी मागतही नाही. किती वेळा परीक्षा द्यावी याला मर्यादा नाही. वयाची वरची अट २०२२ मध्ये काढून टाकली. खालची तेवढी आहे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवीत. पुढे एमडीला जाताना नीट पीजी असते, तिथेही रँकच चालते. तेव्हा रिपीट केल्याचा डाग लागतो ही भीती आजपासून मनातून काढा, आणि मुख्य म्हणजे मुलीच्या कानावर ती पुन्हा पडू देऊ नका.

काही कॉलेजं मधल्या वर्षाचं गॅप अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे प्रतिज्ञापत्र, मागतात. एक साधा कागद आहे, करून ठेवायचा, बस. बारावी पुन्हा देऊन टक्के वाढवायचा सल्लाही कोणीतरी देईल. तो ऐकू नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून सर्वसाधारण गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के असले की बारावीचं काम संपलं. त्यावरचा एकही टक्का मेडिकलच्या यादीत कामाला येत नाही, आणि बोर्डाच्या तयारीत नीटचे ऐन महत्त्वाचे महिने जातात.

रिपीट करण्याचा खरा परिणाम वेगळ्याच जागी होतो, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. यंदाचे मार्क पुढच्या वर्षी शिल्लक राहत नाहीत. भारतातल्या प्रवेशाला नीटचा निकाल त्याच वर्षापुरता. परदेशात एमबीबीएस करायचं असेल तर पात्रता ३ वर्षं धरतात, पण तो तुमचा प्रश्न नाही. म्हणजे पुढच्या मे महिन्यात ती शून्यावरून सुरुवात करणार, आणि तिच्याबरोबर बारावीची नवी मुलं आणि तिच्यासारखीच थांबलेली मुलं असणार. "आता चारशेच्या जवळ आहे, अजून शंभर मिळवले की झालं" हा हिशेब म्हणूनच फसवा आहे. शंभर मिळवून नेमकं काय होईल हे आज कोणालाच ठाऊक नसतं.

हे आकड्यांत पाहा. २०२४ ला सुरुवातीच्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडले होते. वाढीव गुणांचा वाद झाला, १,५६३ मुलांपुढे पुन्हा परीक्षेचा पर्याय ठेवला गेला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि शेवटी ७२० वाले १७ उरले. २०२५ ला फिजिक्सचा पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाही ६८६ च मिळाले. ६५१ च्या वर देशभरात फक्त ७३ मुलं होती. सर्वसाधारण गटाची पात्रतेची रेघ २०२३ ला १३७, २०२४ ला १६२, २०२५ ला १४४. तोच आकडा एका वर्षी हार घालून घेतो आणि दुसऱ्या वर्षी यादीबाहेर राहतो. म्हणून मार्कांशी तुलना करायचं सोडा आणि रँक धरा. त्यातही देशाच्या रँकपेक्षा गोव्याच्या यादीतला तिचा नंबर महत्त्वाचा. ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या आहेत, त्या पर्वरीहून भरल्या जातात, आणि आपल्या राज्यात सरकारी मेडिकल कॉलेज एकच. संचालनालयाची यादी उघडा. तिच्या गटात शेवटची जागा कोणत्या नंबराला गेली आणि तिचा नंबर कुठे आहे, मध्ये किती मुलं आहेत, ते मोजा. मधली संख्या थोडी असेल तर थांबण्याला अर्थ आहे. फार मोठी असेल तर नुसत्या जिद्दीवर जाऊ नका, पुढचं काम आधी करा.

सीमेपलीकडच्या कॉलेजांबद्दल तुम्ही विचारलंय, तर सिंधुदुर्गचं सरकारी मेडिकल, कारवारचं, बेळगावचं, कोल्हापूरचं, ही सगळी गाडीने जवळ असली तरी तिथला राज्य कोटा तिथल्या मुलांचा. आपल्या मुलीला तिथे अखिल भारतीय १५ टक्क्यांतूनच जायचं आहे आणि तिथली स्पर्धा गोव्याच्या यादीपेक्षा खूप कडक असते. अभिमत विद्यापीठं सर्वांना खुली आहेत, पण त्यांची नुसती अनामतच २ लाख आहे. फी किती असेल ते त्यावरून ओळखा.

आता ते काम. तिची ओएमआर शीट, म्हणजे उत्तरांचे गोल भरलेला कागद, आणि परीक्षा घेणाऱ्या एनटीएची अंतिम आन्सर की शेजारी ठेवून बसा. बसताना तुम्ही शेजारी असा, पण पेन तिच्या हातात द्या. १८० प्रश्नांपैकी प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे तिने एकच गोष्ट लिहायची: का चुकला. धडा येतच नव्हता, येत होता पण घाई झाली, दोन पर्यायांत अडकून अंदाजाने मारला, की वेळच उरला नाही. बरोबरला ४, चुकलेल्याला वजा १. समजा तिचे ११० बरोबर, ५५ चुकीचे आणि १५ कोरे असतील, तर ४४० वजा ५५, म्हणजे ३८५ होतात. त्या ५५ पैकी अंदाजाने मारलेले २० नुसते कोरे सोडले असते तरी ४०५. तेच २० आले असते तर ४८५, कारण प्रत्येक प्रश्नामागे ५ मार्कांचा फरक पडतो. चूक घाईची आणि अंदाजाची जास्त असेल तर एक वर्ष तिला नक्की वर नेऊ शकतं. हे सरावाने सुधारतं, मी ते वर्गात पुष्कळदा पाहिलं आहे. पण फिजिक्सचे निम्मे धडे अकरावीपासूनच कच्चे आहेत असं निघालं तर गोष्ट वेगळी. मग तिला नुसत्या उजळणीने भागणार नाही. मुळापासून शिकवणारा माणूस लागेल, आणि तो मिळण्याची खात्री असेल तरच थांबा.

बायोलॉजीचं एक सांगतो, कारण रिपीट करणारी मुलं इथेच गाफील राहतात. ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे. फिजिक्सने रडवलं म्हणून वर्षभर फिजिक्सच करत बसतात आणि मे महिन्यात बायोलॉजीचे पंधरा-वीस मार्क आधीपेक्षा कमी होतात. आपल्या बोर्डाला एनसीईआरटीचीच पुस्तकं आहेत, ती तिच्याकडे आहेत, ओळ न् ओळ पुन्हा वाचायची. आणखी एक: २०२१ ते २०२४ च्या पेपरात प्रश्न निवडायची सूट होती, आणि २०२२ ते २०२४ ला २० मिनिटंही जास्त होती. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, सूट नाही. क्लासवाले जुने सराव पेपर देत असतील तर ते या हिशेबाने कापून सोडवायला लावा. आणि जानेवारीनंतर पूर्ण पेपर दुपारी २ ते ५ मध्येच सोडवायचा, कारण परीक्षा त्या वेळेला असते. मे महिन्यातल्या गोव्याच्या उकाड्यात, जेवणानंतर, तीन तास डोकं चालतं ठेवणं हीसुद्धा तयारीच आहे.

डेंटलची जागा घेऊन ठेवावी का, याचं माझं मत स्पष्ट आहे. मुलीला दातांचं काम आवडू शकेल असं वाटत असेल तर घ्या आणि मनापासून करू द्या. बांबोळीचं डेंटल कॉलेज चांगलं आहे आणि तो कमी दर्जाचा रस्ता नव्हे. पण नुसती अडकवून ठेवायला घेऊ नका. बीडीएसचं, म्हणजे डेंटलच्या पदवीचं, पहिलं वर्ष हलकं नाही. शरीररचना, प्रॅक्टिकल, हजेरी सांभाळून नीटची तयारी होईल हे कागदावरच ठीक दिसतं. मूळ दाखले कॉलेजात जमा होतात, पुढच्या वर्षी राउंडला ते हातात हवेत, म्हणजे त्याआधी प्रवेश रद्द करावा लागतो. रद्द केल्यावर काय भरावं लागेल ते प्रॉस्पेक्टसमध्ये वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका. शिवाय जागा थोड्या आहेत. जी तुम्ही वर्षभराने सोडाल ती आज दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला मिळाली असती. अखिल भारतीय काउन्सेलिंगमध्येही जपून पसंती भरा. शेवटच्या स्ट्रे राउंडला जागा मिळाली आणि रुजू झालात नाही तर अनामत जप्त होते आणि पुढच्या वर्षाचा रस्ताही बंद होऊ शकतो. ज्या कॉलेजात जायचंच नाही त्याचं नाव यादीत टाकू नका. शिरोड्याचं आयुर्वेद आणि होमिओपॅथी, धारगळची आयुर्वेद संस्था यांनाही हेच लागू.

राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला पाठवू का, असं विचारलंत. मी पाठवणार नाही. साखळीहून म्हापशाला किंवा पणजीला चांगला क्लास मिळतो. कदंबा बसच्या प्रवासात रोज वेळ जातो हे खरं, म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवसच जाणारा क्लास बघा. पहिल्या अपयशानंतर मूल आतून हललेलं असतं. अशा वर्षी त्याला घरचं जेवण आणि बोलायला माणूस लागतं. चवथीला घरात पाहुणे येणार, "काय गं, यंदा काय करतेस?" असं विचारणार. त्याचं उत्तर तुम्ही आणि तिच्या बाबांनी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ते तिला द्यावं लागणार नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, सतत रडू येतंय असं दिसलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, लाजू नका.

आणि राहता राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत. तुम्ही सर्वसाधारण गट लिहिलाय. घरचं वर्षाचं एकूण उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे का? असेल आणि जमीन-घराच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाच्या, १० टक्क्यांत तिचा अर्ज जातो, आणि त्या गटाची शेवटची रँक वेगळी असते. दाखला त्या-त्या आर्थिक वर्षाचा लागतो, जुना चालत नाही. यंदाच्या उरलेल्या राउंडला तो जोडता येतो का ते उद्याच पर्वरीला विचारा. नसेल जमत, तर पुढच्या एप्रिलमध्ये नवा काढायचं आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ओएमआर तपासून झाली की बरोबर, चुकीचे आणि कोरे हे तीन आकडे आणि गोव्याच्या यादीतला तिचा नंबर मला कळवा, मग थांबायचं की नाही ते नीट बोलू.